जिच्यासाठी बीबी का मकबरा बांधला, तिचं महिन्याचं पोर पुढं संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलं होतं

छत्रपती संभाजीनगरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या घरच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. मागं पांढरा घुमट, पुढं कारंज्यांचा लांबलचक हौद आणि हौदाच्या कडेला ओळीनं उभं केलेलं अख्खं खानदान. आजी, काकू, आत्याची पोरं, सगळे. पाऊस सरत आलेला असतो, मागचे डोंगर अजून हिरवे असतात. पाहुणे आले की त्यांना मकबरा दाखवायचा, डबा सोबत न्यायचा आणि झाडाखाली दुपार काढायची, ही या शहराची फार जुनी सवय.

पण त्या फोटोतल्या दहा जणांना विचारा, की आत कबर कुणाची आहे? आठ जण सांगतील, औरंगजेबाच्या बायकोची. नाव विचारलं तर पाच-सहा जण राबिया दुर्रानी म्हणतील. हे तिचं नाव नव्हतंच. ही पदवी होती आणि तीसुद्धा मेल्यानंतर मिळालेली. राबिया-उद-दौरानी, म्हणजे या काळातली राबिया. आठव्या शतकात इराकमधल्या बसरा शहरात राबिया नावाची एक सूफी संत होऊन गेली, तिच्यावरून ही पदवी आली. बाईचं खरं नाव होतं दिलरास बानू.

आणि ही बाग म्हणजे एका कुटुंबाच्या शेवटच्या एकत्र पावसाळ्याची खूण आहे. त्या पावसाळ्यानंतर हे घर असं काही फुटलं, की त्यातला एक तुकडा थेट रायगडाच्या दारात येऊन पडला.

तर गोष्ट पहिल्यापासून बघू.

दिलरास बानूचं माहेर साधंसुधं नव्हतं. तिचा बाप शाहनवाजखान सफवी. आडनावातच सगळं आलं. इराणवर ज्या सफवी घराण्याचं राज्य होतं, त्यातली एक शाखा हिंदुस्थानात येऊन मुघलांच्या चाकरीत मोठी झाली होती. मुघलांचा दरारा कितीही असला तरी इराणच्या राजघराण्याचं रक्त म्हटलं की त्यांच्या दरबारात मान खाली झुकायची. त्यामुळं 8 मे 1637 रोजी आग्र्यात शाहजहानच्या तिसऱ्या मुलाशी तिचं लग्न लागलं, तेव्हा सोयरीक बरोबरीची मानली गेली. नवरदेव होता अठरा वर्षांचा. नाव औरंगजेब.

ही बाई स्वभावानं ताठ होती, असं सांगतात. औरंगजेबाच्या नावावर आठवणींचा एक फार्सी संग्रह आहे. त्यात म्हाताऱ्या बादशहानं आपल्या नातवाला संसाराच्या चार गोष्टी सांगितल्याचा प्रसंग येतो. तरुणपणी आपलीही गाठ एका फार मानी बाईशी पडली होती, पण आपण तिच्यावर शेवटपर्यंत जीव लावला आणि तिचं मन कधी दुखावलं नाही, असा त्या बोलण्याचा आशय. ज्या माणसानं बापाला कैदेत टाकलं, भावांना संपवलं, तो बायकोपुढं नमतं घेत होता, हे वाचताना जरा थांबायला होतं.

लग्नाच्या वेळी औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता. म्हणून सासरी आली म्हणजे ती दख्खनलाच आली. पहिली मुलगी 15 फेब्रुवारी 1638 रोजी दौलताबादला झाली. तीच पुढं प्रसिद्ध झालेली झेबुन्निसा. दुसरी झीनतुन्निसा 1643 ची.

मग 1644 मध्ये बाप-लेकाचं बिनसलं आणि सुभेदारी गेली. पुढची आठ वर्षं नुसती भ्रमंती. गुजरात, मग थेट अफगाणिस्तानाच्या पलीकडं बल्ख, मग मुलतान, दोनदा कंदाहारची फसलेली मोहीम. तिसरी मुलगी झुब्दतुन्निसा 1651 मध्ये मुलतानला झाली. 1652 मध्ये औरंगजेबाला पुन्हा दख्खनवर धाडलं. वाटेत बुऱ्हाणपूरला कित्येक महिने मुक्काम पडला आणि तिथं जून 1653 मध्ये आझम जन्मला. मुलांची जन्मगावं नकाशावर जोडली तरी या बाईचा संसार किती फिरता होता ते कळतं.

बुऱ्हाणपूरचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण पुढं ती लागणार आहे. तापीच्या पलीकडं झैनाबाद नावाची वस्ती होती, तिथं आहूखाना म्हणून शाही बाग. आहू म्हणजे हरीण. 1631 च्या जूनमध्ये औरंगजेबाची आई मुमताजमहल बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. ते तिचं चौदावं मूल. आग्र्याला न्यायच्या आधी सहा महिने तिला या झैनाबादच्या बागेतच दफन केलं होतं. औरंगजेब तेव्हा बारा वर्षांचा होता. आईची पहिली कबर त्यानं बागेत पाहिली ती अशी.

आणि वीसेक वर्षांनी याच बागेत तो एका दुसऱ्या बाईच्या प्रेमात पडला, अशीही कथा आहे. हिराबाई झैनाबादी तिचं नाव. तिनं उडी मारून आंबा तोडला आणि शाहजादा घायाळ झाला, असा तो किस्सा. तो आला आहे अठराव्या शतकातल्या मआसिर-उल-उमरा या ग्रंथात. गंमत म्हणजे हा ग्रंथ लिहिणाराही शाहनवाजखानच, पण वेगळा, औरंगाबादचा. दिलरासच्या बापाशी त्याची गल्लत करू नका. हिराबाई लवकर वारली आणि ते प्रकरण तिथंच संपलं. त्या काळात दिलरास काय म्हणाली असेल, याची कल्पना तिच्या स्वभावावरून ज्यानं त्यानं करावी.

1653 च्या अखेरीला कुटुंब इकडं आलं. तेव्हाचं शहर डोळ्यांपुढं आणायचं तर आज दिसणाऱ्या निम्म्या खुणा पुसाव्या लागतील. दिल्ली दरवाजा नव्हता, तटबंदी नव्हती, किल्ले अर्क नव्हता. हे सगळं नंतरचं, 1682 पासून पुढचं. होतं ते मलिक अंबरचं गाव. निजामशाहीचा हा हबशी वजीर, त्यानं 1610 मध्ये खडकी गाव वसवलं आणि गावाला पाणी पाजलं. डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणणारी त्याची नहर इतकी पक्की होती, की मुघलांनी गाव जिंकलं, नाव बदललं, पण पाण्याची तीच पद्धत पुढं वाढवली. औरंगजेबानं या दुसऱ्या सुभेदारीत गावाला आपलं नाव दिलं. म्हणजे दिलरास इथं राहायला आली तेव्हा औरंगाबाद हे नाव अगदी कोरं होतं.

मुघल घरातल्या बायकांचं राहणं म्हणजे नुसता चार भिंतींचा जनाना, असं आपल्याला सिनेमानं शिकवलंय. त्यांचा खरा दिवस बागेत जायचा. या बागा आजच्यासारख्या हिरवळीच्या नव्हत्या. ताजमहालातलं कापलेलं गवत ही इंग्रजांची हौस. मुघलांची बाग म्हणजे चौकोनाचे चार तुकडे, मधून पाण्याचे पाट, पाटांच्या कडेनं सावलीची आणि फळांची झाडं. आंबा, डाळिंब, संत्री, अंजीर. फळ विकून बागेचा खर्चही निघायचा. उन्हाची तिरीप उतरली की बारादरीत बैठक पडायची, मुलं पाटात पाय सोडून बसायची. मराठवाड्यात भाद्रपद सरताना ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस मागं हटतो, ऊन पुन्हा चटका द्यायला लागतं आणि संध्याकाळी पाण्याच्या कडेला मात्र अजून गारवा असतो.

1657 चा पावसाळा असाच सरत होता. दिलरासला पाचव्यांदा दिवस गेले होते आणि नवरा घरी नव्हता.

तो होता विजापूरकरांच्या मुलखात. त्या वर्षी त्यानं आधी बीदर घेतलं, मग कल्याणीला वेढा घातला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. जुलै संपता संपता तोही किल्ला पडला. तो तिकडं गुंतलेला पाहून इकडं शिवाजी महाराजांनी एप्रिलच्या अखेरीला रात्रीतून जुन्नरच्या तटावर शिड्या लावल्या आणि मुघलांचा खजिना आणि घोडे उचलून नेले. पाठोपाठ अहमदनगरपर्यंत धडक दिली. औरंगजेब आणि मराठे यांची ही पहिली खरी टक्कर.

त्याच 1657 च्या मे महिन्यात, 14 तारखेला, पुरंदरावर सईबाईंच्या पोटी संभाजीराजे जन्मले होते.

आणि 11 सप्टेंबरला औरंगाबादेत दिलरासला मुलगा झाला. नाव ठेवलं अकबर, पणजोबाच्या बापाचं. म्हणजे दोघांत अंतर चार महिन्यांचं. ही तारीख लक्षात ठेवा.

बाळ जन्मायच्या चार-पाच दिवस आधी दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली होती. 6 सप्टेंबरला शाहजहान अचानक आजारी पडला. लघवी अडली, दरबार बंद झाला आणि थोरला मुलगा दारा यानं बातम्यांची वाट रोखली. बादशहा गेला, अशी आवई हिंदुस्थानभर उठली. चारी मुलं गादीवर डोळा ठेवून होतीच. औरंगजेब कल्याणीच्या छावणीत अडकला. पुढं जावं तर दिल्ली हातची जाते, मागं फिरावं तर विजापूरकर जिंकलेला मुलूख परत घेतात. सप्टेंबर त्यानं या घालमेलीत काढला.

घरी काय चाललं होतं? बाळंतीण खाटेवर. थोरली झेबुन्निसा एकोणीस वर्षांची, लहानपणीच कुराण पाठ केलेली, फार्सी-अरबीत तयार. झीनत चौदाला टेकलेली. झुब्दत सहा वर्षांची. आझम चार. आणि कुशीत तान्हा अकबर. आईभोवती पाची मुलं असण्याचे हे शेवटचे दिवस.

8 ऑक्टोबर 1657 रोजी दिलरास बानू गेली. बाळ जेमतेम चार आठवड्यांचं होतं.

बाळंतपणानंतरच्या महिन्याभरात बाई दगावणं ही त्या काळात झोपडीतली आणि महालातली सारखीच गोष्ट होती. इराणच्या शाही रक्ताचा तिथं काही उपयोग नव्हता. सासू बुऱ्हाणपुरात अशीच गेली होती, सून औरंगाबादेत गेली. दोघी बाळंतपणापायीच, दोघी दख्खनच्या मातीत. फरक एकच. शाहजहान मुमताजच्या जवळ होता. औरंगजेब तेव्हा कल्याणी सोडून बीदरच्या वाटेवर होता. तो औरंगाबादला पोचला नोव्हेंबरमध्ये.

आल्यावरही शोक करायला त्याच्याकडं फार वेळ नव्हता. तीन महिन्यांत, 5 फेब्रुवारी 1658 ला, तो फौज घेऊन उत्तरेला निघाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. धर्मत, सामूगढ, बाप आग्र्याच्या किल्ल्यात बंद, दाराचं मुंडकं. पण या भाऊबंदकीत दिलरासच्या माहेराचं काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही.

तिचा बाप शाहनवाजखान जावयाच्या बंडात सामील व्हायला तयार नव्हता. जावयानं त्याला बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात नजरकैदेत ठेवलं. गादी मिळाल्यावर सोडलं आणि गुजरातची सुभेदारी दिली. थोड्याच दिवसांत पराभूत दारा गुजरातेत आला आणि म्हातारा सासरा त्याला जाऊन मिळाला. मार्च 1659 मध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत तो जावयाच्या फौजेकडून मारला गेला. दिलरासची बहीण औरंगजेबाच्या धाकट्या भावाला, मुरादला दिली होती. त्या मुरादला 1661 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठार केलं. दिलरास जिवंत असती तर दोन वर्षांत बाप गेला, चार वर्षांत बहिणीचं कुंकू पुसलं, तेही नवऱ्याच्या हातून, हे तिला बघावं लागलं असतं.

आणि याच वर्षांत इकडं खामच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी, मकबरा उभा राहत होता.

इथं एक गैरसमज दूर करू. मकबरा आझमशहानं आईच्या आठवणीत बांधला, असं गाईड सांगतात, पुस्तकांतही छापलेलं असतं. साधं गणित करा. आझमचा जन्म 1653 चा. मकबऱ्याचं काम 1660-61 च्या सुमाराला पुरं झालं. सात-आठ वर्षांचं पोर मकबरा बांधत नाही. काम औरंगजेबाच्या हुकमानं झालं. बांधणाऱ्यांची नावंसुद्धा तिथंच आहेत. मुख्य दरवाजावर पितळी पत्रा मढवलाय, त्यावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुरचनाकार आणि हंसपत राय हा बांधकाम पाहणारा, अशी दोन नावं आहेत. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ताजमहालाची रचना ज्याच्या नावावर सांगतात तोच हा लाहोरी. बापानं सासूची कबर बांधली आणि मुलानं सुनेची. म्हणूनच मकबरा ताजसारखा दिसतो. नक्कल वगैरे म्हणण्याआधी हे घरगुती नातं ध्यानात घ्यायला हवं.

खर्चाचा आकडा गुलाम मुस्तफा नावाच्या लेखकानं दिलाय : 6 लाख 68 हजार 203 रुपये आणि 7 आणे. या सात आण्यांवरून लोक औरंगजेबाचा कंजूषपणा काढतात. ताजवर कोट्यवधी उधळले आणि इथं आण्याचा हिशोब. पण खजिना भाऊबंदकीत रिकामा होत होता, हेही तितकंच खरं. टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला वाटेत संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्या दिसल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते, असं त्यानं नोंदवलंय. एवढ्या लांबून आणलेला दगड पुरवून वापरावा लागला. खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधल्या भागात आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. हा गिलावा कारागिरीचा कळस आहे, माझं तर मत असं की इथल्या गवंड्यांचं कौतुक संगमरवरापेक्षा जास्त व्हायला हवं.

पण खरी उधळण झाली ती बागेवर. सुमारे 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आवार, भोवती बुरुजांची भिंत, तीन बाजूंना बारादऱ्या आणि दक्षिणेला दरवाजा. दरवाजातून थेट कबरीपर्यंत मधोमध पाणी आणि कारंजी. मागं उत्तरेला डोंगर, आज ज्याच्या कुशीत विद्यापीठ आणि औरंगाबाद लेणी आहेत. ताजच्या मागं नदी आहे, इथं मागं डोंगर आहे. भाद्रपदात ढग खाली उतरले की घुमट आणि डोंगर यातलं अंतरच कळत नाही. हे दृश्य आग्र्याला मिळत नाही.

आत गेलात तर कबर वरून बघावी लागते. मधला चौथरा नाही, जमिनीला अष्टकोनी खळगा आहे. तिथून खाली डोकवायचं. खाली नक्षीदार संगमरवरी जाळीच्या आत कबर, आणि त्यावर दगडाची शिळा नाही, उघडी माती आहे. लोक वरून नाणी टाकतात. ते का टाकतात, याचं उत्तर टाकणाऱ्यांकडंही नसतं.

आता त्या पाच मुलांकडं येऊ.

झुब्दतचं लग्न झालं दारा शिकोहच्या मुलाशी. ज्या काकाला बापानं मारलं, त्याचाच मुलगा जावई. आझमचीही बायको दाराचीच मुलगी. हा समेट म्हणायचा की आणखी काही, तुम्ही ठरवा. झीनत लग्नाशिवाय राहिली आणि बापाच्या म्हातारपणी दख्खनच्या छावणीत त्याच्याजवळ होती. रायगड पडल्यावर येसूबाई आणि लहानगे शाहू महाराज मुघल छावणीत कैदेत होते, तेव्हा त्यांच्यावर मायेची पाखर घातली ती हिनंच, असं आपल्याकडं परंपरेनं सांगतात.

उरले थोरली झेबुन्निसा आणि धाकटा अकबर. आई गेली तेव्हा एक एकोणीस वर्षांची आणि एक महिन्याचा. या दोघांचा एकमेकांवर विलक्षण जीव होता. आईविना वाढलेलं पोर म्हणून बापानंही अकबराला सगळ्यांत जास्त लाडावलं होतं. आणि नेमकं तेच पोर उलटलं.

जानेवारी 1681 मध्ये राजपुतान्यात मोहिमेवर असताना अकबरानं स्वतःलाच बादशहा म्हणून जाहीर केलं. औरंगजेबानं डाव टाकून त्याची फौज एका रात्रीत फोडली आणि अकबर उघडा पडला. दुर्गादास राठोड त्याला सोबत घेऊन सुटला. वाट काढत काढत दोघं जूनमध्ये मराठी मुलखात उतरले, सुधागडाच्या परिसरात पालीच्या बाजूला. सख्ख्या बापापासून जीव वाचवायला औरंगजेबाच्या मुलाला अख्ख्या हिंदुस्थानात एकच दार दिसलं. संभाजी महाराजांचं.

दोघंही चोवीस वर्षांचे. एकाची आई गेली तेव्हा तो महिन्याचा, दुसऱ्याच्या सईबाई गेल्या तेव्हा ते सव्वादोन वर्षांचे. महाराजांनी लगेच मिठी मारली असं मात्र झालं नाही. राज्याभिषेकाला जेमतेम सहा महिने झालेले, घरात कट शिजत होता, आणि हा पाहुणा खरा की डाव, याची खात्री हवी होती. भेट झाली ती नोव्हेंबरमध्ये. पण आश्रय पक्का दिला. पुढची साडेपाच वर्षं अकबर मराठ्यांच्या छायेत राहिला आणि औरंगजेबाला तो परत मिळाला नाही.

तिकडं झेबुन्निसाची भावाला लिहिलेली पत्रं बापाच्या हाती लागली. तिचा वर्षाचा चार लाखांचा तनखा बंद झाला, मालमत्ता जप्त झाली आणि तिला दिल्लीत सलीमगडावर डांबलं. ती तिथून सुटली नाही. 1702 मध्ये ती गेली तेव्हा कैदेला एकवीस वर्षं झाली होती. तिलाही दिल्लीत तीस हजारी नावाच्या बागेत पुरलं होतं. पुढं रेल्वेमार्गासाठी ती कबर हलवली गेली.

मुलामागोमाग औरंगजेब स्वतः दख्खनला निघाला. मराठ्यांना संपवायचं हे मोठं कारण होतंच, पण अकबर आणि संभाजी महाराज एक झाले तर काय, ही धास्ती त्यात मोठी होती. मार्च 1682 मध्ये तो औरंगाबादला आला. चोवीस वर्षांपूर्वी बायकोच्या मृत्यूनंतर जे शहर सोडलं होतं, तिथंच तिच्या मुलाला पकडायला. उत्तरेला तो पुन्हा कधी गेला नाही.

अकबर फेब्रुवारी 1687 मध्ये राजापूरहून जहाजात बसला आणि इराणला गेला. आईच्या पूर्वजांच्या देशात. सफवी दरबारानं त्याला ठेवून घेतलं, फौज मात्र दिली नाही. बाप मरायची वाट बघत तो तिथंच राहिला आणि बापाच्या आधीच वारला. संभाजी महाराजांना त्याच्या दोन वर्षांनी, मार्च 1689 मध्ये, औरंगजेबानं हालहाल करून मारलं.

ज्या गावात अकबर जन्मला, ते गाव 2023 पासून अधिकृतपणे संभाजी महाराजांचं नाव लावतं. ठरवून लिहिलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

औरंगजेब 1707 मध्ये नगरजवळ भिंगारला मेला. आझमनं त्याला खुलदाबादला पुरायची व्यवस्था केली आणि चार महिन्यांत तोही आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत सावत्र भावाकडून मारला गेला. खुलदाबादची कबरही उघड्या मातीचीच, मकबऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर.

1682 मध्ये औरंगजेब आला, तेव्हा मराठ्यांच्या धास्तीनं त्यानं शहराला तट घातला. मकबरा त्या तटाच्या बाहेर राहिला. आजही जुन्या शहरातून मकाई दरवाजानं बाहेर पडायचं, खाम ओलांडायची, बेगमपुऱ्यातून सरळ जायचं. डाव्या-उजव्या हाताला चहाच्या टपऱ्या लागतात आणि समोर एकदम डोंगर दिसतो.